महालक्ष्म्यांसाठी पाळी पुढे ढकलायची गोळी, पण आईला गुठळी झाली होती. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

नागपूरची आहे, वय ३६. यंदा महालक्ष्म्या आमच्याकडे आहेत आणि तारीख नेमकी जेवणाच्या दिवशी येतेय. (घरी अजून पाळतात. त्यावर वाद नको, तो घरात माझा मी घालतेच आहे.) नणंदेने कोपऱ्यावरच्या दुकानातून गोळ्या आणल्या, चिठ्ठीबिठ्ठी काही नाही. स्ट्रिप कात्रीने कापून दिलेली, ब्रँडचं नाव अर्धं उडालंय. 'नॉरएथिस्टेरॉन ५ मिग्रॅ' एवढं वाचता येतं. दिवसाला ३ घ्या म्हणे.

धाकट्या भावाच्या बाळंतपणानंतर आईच्या पोटरीत गुठळी झाली होती. पाय टम्म सुजलेला, मग कित्येक महिने रक्त पातळ करायची औषधं. त्यात विसर्जनानंतर मला रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पुण्याला जायचंय, रात्रभर पाय लोंबकळत.

इस्ट्रोजेनमुळे यकृत फायब्रिनोजेन, फॅक्टर ७, १० अशी रक्त गोठवणारी द्रव्यं जास्त बनवतं आणि गोठण्याला आवर घालणारं प्रोटीन एस कमी होतं, हे वाचलंय. पण ही गोळी तर प्रोजेस्टेरॉनच्या जातीची, मग हिला का भ्यायचं? शिवाय इस्ट्रोजेन नायट्रिक ऑक्साइड वाढवून रक्तवाहिन्या सैल ठेवतं म्हणतात. तेच गुठळीही कसं करतं?

डॉक्टरांकडे जाणारच आहे. तिथे काय काय सांगू? नणंदेचं एकच, "वहिनी, सगळ्याच तर घेतात!"

प्रतिसाद

ताई, सुरू केली नसेल तर दाखवल्याशिवाय घेऊ नका. नॉरएथिस्टेरॉनचा थोडा अंश शरीरात एथिनिल इस्ट्रॅडिऑल होतो, म्हणजे एक प्रकारचं इस्ट्रोजेनच. गर्भनिरोधक मिनी-पिलमध्ये मात्रा इतकी कमी की त्याने फरक पडत नाही, पण रोज १५ मिग्रॅ म्हणजे जवळपास इस्ट्रोजेनवाली गर्भनिरोधक गोळी घेतल्यासारखंच.

दुसरं, इस्ट्रोजेनचं रक्तवाहिनीच्या अस्तरावरचं काम वेगळं आणि यकृतातलं वेगळं, दोन्ही एकदमच चालतात. अशी गुठळी बहुधा पायाच्या शिरेत होते, जिथे रक्त संथ असतं. म्हणून तो बसप्रवास आवर्जून सांगा.

आईचं तेव्हाचं वय सगळ्यात आधी सांगा, ४५च्या आतलं असेल तर डॉक्टर ते गंभीरपणे घेतात. बीपी, वजन, तंबाखू, अर्धशिशीआधी डोळ्यांपुढे झगमगतं का, हेही. फॅक्टर ५ लायडनची (गुठळीची शक्यता वाढवणारा आनुवंशिक दोष) तपासणी सरसकट करत नाहीत, आधी आईचे जुने कागद शोधा. मेडरॉक्सीप्रोजेस्टेरॉन हेही प्रोजेस्टेरॉनच्या जातीचंच, पण त्याचं असं इस्ट्रोजेन होत नाही, तो पर्याय चालेल का विचारा.

आणि एकाच पायाला सूज, अचानक धाप किंवा छातीत कळ आली तर पुरण गॅसवर असलं तरी तडक कॅज्युअल्टीत.

धागाकर्ती

खूप आभार. आईला फोन केला. कागद नाहीत, पण तेव्हा ३१ वर्षांची होती हे पक्कं. उद्या धंतोलीत नंबर लावलाय. मेडरॉक्सीप्रोजेस्टेरॉन कुणी घेतलंय का? मळमळ फार होते का? सोळा भाज्या निवडायच्या आहेत.