मदत हवी आहे: अफवेच्या प्रारूपात व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप कसा बसवू?

नमस्कार मंडळी,

एमएस्सी गणिताच्या शेवटच्या वर्षाला आहे, प्रकल्प अफवांच्या प्रसारावर. मी धुळे जिल्ह्यातला. १ जुलै २०१८ ला साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच जणांचा जीव घेतला, तेव्हा मी शाळेत होतो. विषय तेव्हापासून डोक्यात आहे.

डेली-केंडल यांचं अफवेचं १९६४ चं प्रारूप (गणिती मॉडेल) आणि माकी-थॉम्पसन यांची १९७३ ची सुटसुटीत आवृत्ती करून झालीय. लोक तीन प्रकारचे: न ऐकलेले, पसरवणारे, गप्प झालेले. पसरवणाऱ्याला ती गोष्ट आधीच माहीत असलेला कुणी भेटला की बातमी शिळी झाली म्हणून तो गप्प होतो. साथीच्या एसआयआर प्रारूपात (लागण होऊ शकणारे, रोगी, बरे झालेले असे तीन गट) रोगी आपला आपण बरा होतो. इथे गप्प व्हायलाही समोर माणूस लागतो. सगळे सगळ्यांना भेटतात असं धरलं तर शेवटी न ऐकलेल्यांचा वाटा क्ष हा लॉग क्ष = −२(१ − क्ष) यातून निघतो, सुमारे २०.३ टक्के. पायथॉनमध्ये १०,००० माणसं घेऊन चालवलं, उत्तर जुळलं.

अडलंय ते इथे. जुलै २०१८ मध्येच भारतात व्हॉट्सअ‍ॅपच्या फॉरवर्डवर पाच चॅटची मर्यादा घातली गेली. ती दाखवायला मी प्रसाराचा, म्हणजे भेटींचा, दर कमी केला, तर वेग मंदावला पण २०.३ जागचं हललं नाही! समीकरणात दर दोन्हीकडून कटतो, हे कळतंय. पण मग मर्यादेचा उपयोगच नाही असं लिहू का? मन मानत नाही.

मला वाटतं, घोळ गप्प होण्याच्या नियमात आहे. आमच्या घरच्या ग्रुपवर मावशीने काही टाकलं की कुणीतरी एक जण "हे कालच आलंय" लिहितो, बाकीचे चाळीस जण बघून सोडून देतात. त्या चाळीस जणांकडून मावशीला शिळेपणा कळतच नाही. शिवाय तेव्हा ग्रुप २५६ जणांपर्यंतचा, म्हणजे पाच ग्रुपना पाठवलं तर एका दमात बाराशेच्या वर लोक. दोघांच्या भेटीचं समीकरण इथे कसं चालेल?

ग्रुपला वेगळा बिंदू मानून द्विभागी आलेख (एका बाजूला माणसं, दुसऱ्या बाजूला ग्रुप) घ्यावा, की हायपरग्राफ (ज्यात एकच कड अनेक माणसांना जोडते)? आणि पसरवणारा आपोआपही कंटाळतो असा एक दर घातला, तर एसआयआरसारखा उंबरठा (ज्याच्या खाली प्रसार आपोआप विझतो) परत येतो आणि मर्यादेचा परिणाम दिसतो. पण हवं ते उत्तर मिळावं म्हणून तो घातला असं परीक्षक म्हणतील. त्याचं समर्थन कसं करू?

कुणी यावर काम केलं असेल तर कृपया सांगा, कोड द्यायला तयार आहे.