प्रति: पार्टीत हीलर हवाच का?

वर विचारलंय की 'बाल्डर्स गेट ३' या व्हिडिओ गेममध्ये चारच जणांची पार्टी (आपली टोळी), त्यात एक जागा हीलरला, म्हणजे जखमा भरणाऱ्याला, द्यायची का. शॅडोहार्ट या क्लेरिक (मंत्र टाकणारी पुजारीण) सोबतिणीला घ्याच, पण मलमपट्टीसाठी नको. लढाईत दर टर्नला (पाळीला) ती जखमाच भरत बसली तर समोरचा जिवंत राहतो आणि पुन्हा तेवढाच हाणतो. कुणी आडवं पडलं की 'हीलिंग वर्ड' हा जखमा भरणारा मंत्र टाका. बोनस ॲक्शनमध्ये (पाळीतल्या जादा छोट्या कृतीत) होतं, लांबूनही लागतं. तिची खरी कमाई 'गायडन्स' हा मंत्र: कुलूप उघडा की थाप मारा, फाशात एक ते चारची भर, तीही फुकटात.

आमच्या सोलापुरातल्या ग्रुपात सगळे 'आधी टँक (पुढे राहून मार झेलणारा), मग बाकीचे' म्हणून अडून बसतात. मी सोबत्यांच्या आपसातल्या गप्पा बघून निवडतो. आमच्या गल्लीत एका ओट्यावर मराठी, तेलुगू, कन्नड एकदमच चालतं; पार्टीही तशीच बडबडी लागते मला. गेममधले सोबती विल आणि कार्लाख घ्या: विल कार्लाखच्याच शिकारीवर निघालेला असतो, त्या दोघांना सोबत फिरवून बघा. क्लासचं (पात्राच्या पेशाचं) काय एवढं, तळावरच्या विदर्स या पात्राला १०० सोन्याची नाणी दिली की बदलून मिळतो. ॲस्टेरियन या टोमणेबाज सोबत्याला क्लेरिक करा हवं तर, टोमणे तेच राहतील!

एक मात्र बघा. मिंथारा या खलनायिकेच्या बाजूने जाऊन ड्रुइडांच्या (निसर्गपूजकांच्या) ग्रोव्ह या वस्तीवर हल्ला करायचा बेत असेल, तर विल आणि कार्लाखवर भारी सामान खर्चू नका. दोघंही सोडून जातात.