भेंडीच्या मुळांना गाठी: बुरशीची पावडर टाकून सूत्रकृमी जातात का?

गच्चीवरची_मुलुंड:
नमस्कार मंडळी. मुलुंड पूर्वेला सोसायटीच्या गच्चीवर ड्रममध्ये भेंडी, वांगी, टोमॅटो लावते. यंदा भेंडी गुडघ्याएवढी झाली आणि तिथेच अडली. दुपारी माना टाकते, ऊन उतरलं की पाणी न घालताही ताठ. शेवटी एक रोप उपटून पाहिलं, तर मुळांना मणी ओवल्यासारख्या गाठी! नर्सरीवाला म्हणतो, "ताई, त्या जिवाणूंच्या गाठी, चांगल्या असतात." व्हॉट्सॲप ग्रुपवर मात्र सगळे सूत्रकृमी (मातीतले, डोळ्यांना न दिसणारे धाग्यासारखे कृमी, मुळांत घुसतात ते) म्हणतायत आणि पॅसिलोमायसिस नावाची बुरशी टाकायला सांगतायत. बुरशीने सूत्रकृमी खरंच मरतात? उरलेली रोपं वाचतील का? सासऱ्यांची केमो चालू आहे आणि संध्याकाळी ते गच्चीवरच बसतात, म्हणून विषारी काही नको.

बोरिवलीकर_काका:
भेंडीला कुठल्या आल्यात जिवाणूंच्या गाठी? त्या चवळी, वाल, भुईमुगाला. मुळाच्या कडेला चिकटलेल्या असतात, नखाने सुटतात, फोडल्या तर आत गुलाबी. तुमच्या भेंडीचं मूळच सुजलंय, गाठ काढायला जाल तर मूळ तुटेल. ग्रुपवाले बरोबर आहेत.

आता बुरशीचं. पॅसिलोमायसिस लिलॅसिनस हे जुनं नाव. २०११ पासून तिला पर्प्युरिओसिलियम म्हणतात, पण पाकिटावर अजून जुनंच नाव दिसतं. १९७९ मध्ये पेरू देशात बटाट्याच्या मुळांवरच्या सूत्रकृमींच्या अंड्यांवर ती काम करते हे पुढे आलं. अंड्यांवर, हे लक्षात घ्या. मादी मुळात ठाण मांडून बसते आणि बाहेरच्या बाजूला चिकट गोळ्यात शेकडो अंडी घालते. बुरशीचे तंतू त्या गोळ्यात शिरतात, विकरं सोडून अंड्याचं कायटिनचं कवच पोखरतात आणि आतला गर संपवतात. मुळात आधीच घुसलेल्या पिल्लांना त्याचं काही नाही. आपल्याकडच्या उकाड्यात महिन्याभरात नवी पिढी तयार होते, त्यामुळे आजारी रोपाच्या बुडाशी पावडर ओतणं म्हणजे पैसे पाण्यात. ही रोपं गेली समजा.

बुरशी टाकायची ती लागवडीच्या आधी. किलोभर कुजलेल्या शेणखताला साधारण १० ग्रॅम पावडर, मूठभर निंबोळी पेंड, हलका ओलावा, वर गोणपाट, आणि पंधरवडाभर सावलीत. मग मातीत मिसळायचं. नुसत्या कोकोपीटमध्ये तिला खायलाच नसतं. त्याच मातीत बुरशीनाशक ओतू नका, नाहीतर हीसुद्धा मरेल.

दहिसर_धिंगरी:
माझ्याकडे धिंगरी अळंबीच्या (ऑयस्टर मशरूमच्या) वापरून झालेल्या पिशव्या असतात. अळंबी सूत्रकृमी खाते असं वाचलंय. देऊ का ताईंना?

बोरिवलीकर_काका:
खातेच. धिंगरी लाकडावर वाढते, लाकडात नत्र कमी, मग ती तंतूंवरच्या विषाने सूत्रकृमीला लुळा पाडते आणि आत शिरून नत्र वसूल करते. आर्थ्रोबोट्रिस नावाची बुरशी तर चिकट जाळी विणून पकडते. वाचायला मजा येते हो, पण भाताच्या पेंढ्याची जुनी पिशवी ड्रममध्ये टाकून गाठी थांबतील याची हमी मी देणार नाही. कुजवून खत म्हणून वापरा, वाया जात नाही.

परळ_मायक्रो:
मी लॅबमध्ये बुरशी वाढवते, म्हणून मध्ये पडते. काका, पावडरीचं सगळं बरोबर, पण ताईंनी केमोचा उल्लेख केलाय. पर्प्युरिओसिलियम एरवी निरुपद्रवी, मात्र प्रतिकारशक्ती खालावलेल्या माणसात त्वचेचा संसर्ग करू शकते, आणि कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांच्या डोळ्यांतही सापडली आहे. जैविक म्हणजे सगळ्यांनाच सुरक्षित, असं नसतं. वाऱ्यावर पावडर उडणाऱ्या गच्चीवर, तेही ते बसतात तिथे, मी तरी ती उघडणार नाही. धिंगरीच्या बुरसटलेल्या पिशव्याही नकोत. सासऱ्यांनी मातीकामापासूनच लांब राहावं, डॉक्टरांनाही विचारा.

बोरिवलीकर_काका:
हे मान्य. मग ताई, यंदा बुरशी राहू द्या. ड्रमवाल्याला एक सोय आहे जी एकरवाल्या शेतकऱ्याला नाही: माती बाहेर काढता येते. एप्रिल-मेमध्ये ती वीतभर थरात पसरा, चांगली भिजवा, पारदर्शक प्लास्टिकने कडा दाबून झाका आणि चार ते सहा आठवडे तशीच तापू द्या. काळं प्लास्टिक नको, त्याखाली माती तेवढी तापत नाही. सेक्रेटरी वॉटरप्रूफिंगवरून कुरकुरणार, खाली जुनी ताडपत्री घाला.

तोवर ड्रममध्ये बुटका झेंडू दाट लावा आणि तीनेक महिने ठेवा. दसऱ्याच्या दादरच्या माळा कुस्करून मातीत घालणारेही पाहिलेत, पण सूत्रकृमी आवरायचं काम झेंडूच्या जिवंत मुळांचं आहे, पाकळ्यांचं नाही.

गच्चीवरची_मुलुंड:
पावडर रद्द. खराब माती खाली सोसायटीच्या चाफ्याच्या वाफ्यात टाकली तर चालेल?

बोरिवलीकर_काका:
अजिबात नाही! तिथून ती माळ्याच्या फावड्याला लागून सगळ्या बागेत जाईल. रोपं मुळांसकट पिशवीत बांधून कचऱ्यात द्या, कंपोस्टच्या पिंपात नको. आणि खुरपी धुऊनच दुसऱ्या ड्रमला लावा.