अनुभव धागा: कैद्याला सोडवून आणलं तो दिवस

मुठाकाठची:
गेल्या रविवारी भाच्यानं गेममधला पहिला कैदी सोडवला आणि घरभर नाचला. मी इतकी वर्षं खेळतेय, राक्षस किती मारले ते आठवत नाही, पण सोडवलेला प्रत्येक कैदी आठवतो. तिथे नुसतं स्वतः वाचून भागत नाही ना! तुमचाही अनुभव लिहा. कोणता गेम, कैदी कोण, सोबत कोण होतं? सुरुवात मी करते.

रूनस्केप या ऑनलाइन गेममधली 'प्रिन्स अली रेस्क्यू' ही क्वेस्ट, म्हणजे मोहीम. 2007, दहावीची सुट्टी, सदाशिव पेठेतला सायबर कॅफे. या क्वेस्टमध्ये तलवारीचं कामच नाही. राजपुत्र अलीला त्याला डांबून ठेवणाऱ्या लेडी केलीच्याच वेषात बाहेर काढायचं. आधी केलीची तोंडभरून स्तुती करायची, ती खुशीत येऊन किल्ली दाखवते, की मऊ मातीत ठसा घ्यायचा. त्यावरून ब्राँझची किल्ली बनते. लोकरीचे तीन गुंडे गेममधल्या नेडला दिले की केसांचा टोप तयार, तो पिवळा रंगवायचा. चेहऱ्याला लेप, गुलाबी स्कर्ट, पहारेकरी जोला तीन बिअर, केलीला बांधायला दोर. ही यादी मी भूगोलाच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून नेली होती.

रात्री आजीला सगळं सांगितलं. वाती वळता वळता ती थांबली. "राजपुत्र वेष पालटून निसटला, बरं झालं. पण त्याच्या जागी कोण झोपलं?" तिच्या डोळ्यांसमोर 1666 चं आग्रा होतं, पांघरूण घेऊन पडलेला हिरोजी फर्जंद होता. माझ्या गेममध्ये हिरोजी नव्हता. मला ते आजही खटकतं.

टँकवाला_कोथरूड:
वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट क्लासिक हा ऑनलाइन गेम, 2019. ब्लॅकरॉक डेप्थ्स या भुयारी तुरुंगातून मार्शल विंडसरला बाहेर काढायचं. आम्ही पाच जण, सगळे कोथरूड-कर्वेनगरचे. विंडसर कुणासाठी थांबत नाही. आपली शस्त्रं परत मिळवतो, कोठड्या उघडत सुटतो, समोर येईल त्याच्यावर तुटून पडतो. तो मेला की क्वेस्ट गेली.

पहिल्या खेपेला नेमकी गुरुवारची दुपार. आमचा हीलर, म्हणजे जखमा भरणारा, माझा मावसभाऊ, त्याच्याकडची लाइट गेली. त्याचं पात्र नुसतं उभं. विंडसरचा उरलेला जीव दाखवणारी हिरवी पट्टी उतरत उतरत संपली आणि मी बघत राहिलो. भाऊ फोनवर "दादा, सॉरी" एवढंच म्हणाला. त्याचा आवाज ऐकून मलाच भरून आलं.

शनिवारी रात्री पुन्हा बसलो. या वेळी विंडसरच्या कोठडीला हात लावण्याआधी वाटेतले सगळे पहारेकरी संपवले. नव्यानं करणाऱ्यांनो, आधी वाट मोकळी करा, मग दार उघडा. बाहेर पडलो तेव्हा पावणेतीन वाजले होते आणि भाऊ हेडफोनवर रडत होता.

पर्वतीपायथा:
माझा विंडसर पहिल्याच खेपेत सुटला. लाइट होती, एवढंच.

रातराणी:
टँकवाला, पुढचंही लिहायला हवं होतंत. विंडसर स्टॉर्मविंड या राजधानीच्या वेशीवर येतो, घोड्याला घरी जा म्हणतो आणि किल्ल्याकडे चालू लागतो. वाटेतले शिपाई त्याला सलाम करतात. मीही त्याच्या मागून चालतच गेले, धावले नाही. दरबारात तो सगळ्यांसमोर उघड करतो की दरबारातली लेडी प्रेस्टर म्हणजेच ड्रॅगन ऑनिक्सिया. आणि तिथेच मरतो. ज्याच्यासाठी आठवडाभर खपले, तो! मी हेडफोन काढून गॅलरीत जाऊन उभी राहिले. खाली दूधवाला आला होता.

टँकवाला_कोथरूड:
ते लिहायला हात धजला नाही. आम्ही पाचही जण त्याच्याजवळ बसून राहिलो होतो. भावानं तरीही एकदा हील टाकून पाहिला.