'पिसिना'ला मराठीत काय म्हणावं?

कोरा कागद: इंग्लंडमधल्या एका जुन्या गावचर्चच्या माहितीपत्रकाचं भाषांतर अडलंय. वेदीच्या उजवीकडे, दक्षिणेच्या भिंतीत कमानीचा लहान कोनाडा. त्यात दगडातच कोरलेली उथळ वाटी, तळाशी भोक. नाव 'पिसिना'. लॅटिन कोशात 'माशांचं तळं' निघतं! मिस्सेत, म्हणजे कॅथलिक उपासनेत, पाद्री बोटं धुवायचे, प्याला विसळायचे, ते पाणी इथे ओतत. शब्द सुचवा.

अनुस्वार: क्षालनपात्र.

तिरकस: पात्र उचलता येतं, हे भिंतीतच आहे. सरळ 'कोनाड्यातली मोरी' म्हणा.

अनुस्वार: वेदीशेजारी मोरी? देवळातली प्रणाळ आहे की.

दगडी पाटी: प्रणाळीतून तीर्थ बाहेर येतं, लोक ते घेतात. इथे उलट. प्याल्यात पवित्र मानलेल्या द्राक्षारसाचा अंश राहतो म्हणून ते पाणी भिंतीच्या आतून पवित्र केलेल्या जमिनीत जिरवायचं, कुणाच्या पायाखाली येऊ द्यायचं नाही. तेराव्या शतकातल्या काही पिसिनांना दोन वाट्या असतात, एक हातांच्या पाण्याला, एक प्याल्याच्या. आणि बाजूच्या दालनात असा कोनाडा सापडला तर तिथे पूर्वी आणखी एक वेदी होती असं समजावं. पुढे यातले कितीतरी गिलाव्याखाली बुजले.

कोरा कागद: जवळच भिंतीत दाराचं 'ऑम्ब्री' आहे, प्याले ठेवायचं.

तिरकस: फडताळ. पुढचा प्रश्न.

कोरा कागद: 'आधी दगडी, मग लाकडी अल्टर' असं वाक्य आहे. दोन्हीकडे वेदीच ना?

दगडी पाटी: अजिबात नाही. १५५० साली दगडी वेद्या काढून लाकडी टेबलं ठेवायचा हुकूम निघाला. भांडण त्यावरच होतं: मिस्सा हा बळी आहे की भोजन? दगडीला वेदी, लाकडीला मेज. मराठी प्रॉटेस्टंट 'प्रभूचं मेज' म्हणतातच.

अनुस्वार: मेज फारसी आहे. चौरंग म्हणा.

तिरकस: चौरंग गुडघ्याखाली येतो, पाद्री वाकून मरेल. आणि मेज पोर्तुगीज 'मेझा'वरून, पाद्री, क्रूस, इगर्जी (चर्च) यांच्याच गलबतातून आलेलं.

अनुस्वार: मग शेवटचा 'आ' कुठे गेला? 'इग्रेजा'चं 'इगर्जी' होताना निदान 'ई' तरी उरली.

तिरकस: 'कमीझा'चं 'कमीज' झालं तेव्हा कुठे गेला होता?

अनुस्वार: कमीज अरबी 'कमीस'वरून.

तिरकस: आणि कमीस लॅटिनवरून, असं म्हणतात.