मदत हवी आहे: एनके पेशी वाढल्यात म्हणून इंट्रालिपिड घ्यावं का?

वय ३४. आयव्हीएफची दोन ट्रान्सफर झाली, म्हणजे दोनदा गर्भ गर्भाशयात सोडला. दोन्ही वेळा पाचव्या दिवसाचे गर्भ, ग्रेड चांगली, गर्भाशयाचं अस्तर ९ मिलीमीटर, आणि दोन्ही वेळा बीटा (गर्भ राहिला का ते सांगणारी रक्ततपासणी) निगेटिव्ह. आता रक्तातल्या एनके पेशी (प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) तपासल्या. रिपोर्टमधल्या १९ टक्क्यांभोवती डॉक्टरांनी लाल पेनाने गोल केला आणि म्हणाले, "तुमची प्रतिकारशक्तीच गर्भ टिकू देत नाहीये." पुढच्या वेळी ट्रान्सफरआधी इंट्रालिपिडचं (तेलाच्या मिश्रणाचं) सलाईन आणि प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड घ्यायचंय.

एनके म्हणजे 'नॅचरल किलर' हे कळल्यापासून झोप उडाली आहे. माझंच शरीर बाळाला मारतंय का? गेल्या वेळी भावाकडून घेतलेले पैसे अजून फिटले नाहीत, तेव्हा सलाईनचा खर्च उगाच नको. पण गरज असेल तर मागे हटायचं नाही. रक्ताच्या तपासणीवरून गर्भाशयातलं कसं कळतं? कुणाला अनुभव आहे का?

प्रतिसाद:
ताई, आधी एक ऐका. त्या पेशी बाळाला मारत नाहीत. मी पॅथॉलॉजीत आहे, अस्तराच्या स्लाइड रोज बघते. रक्तातल्या एनके वेगळ्या, गर्भाशयातल्या वेगळ्या. एकीच्या आकड्यावरून दुसरीचं कळत नाही. गर्भाशयातल्या पेशी पाळीच्या उत्तरार्धात आपोआप वाढतात. गर्भ रुजल्यावर सुरुवातीच्या आठवड्यांत तिथल्या पांढऱ्या पेशींपैकी साधारण ७० टक्के याच असतात. पिळदार रक्तवाहिन्या रुंद करून वारेला रक्त पोचवायला त्या मदत करतात. नावानेच घाबरवलंय सगळ्यांना!

अस्तराची बायोप्सी करूनही किती म्हणजे जास्त यावर एकमत नाही. युरोपातल्या वंध्यत्व-उपचार तज्ज्ञांच्या ईएसएचआरई संस्थेच्या २०२३ च्या शिफारशींत ही तपासणी आणि इंट्रालिपिड, दोन्ही नेहमीच्या उपचारात नकोत असंच आहे. इंट्रालिपिडमध्ये सोयाबीन तेल आणि अंड्यातलं फॉस्फोलिपिड असतं, ॲलर्जी असेल तर आधी सांगा.

त्यापेक्षा हे विचारा: हिस्टेरोस्कोपी (दुर्बिणीने गर्भाशय आतून बघणं) झाली का? अस्तराचा टीबी बघितला का? आपल्याकडे तो लपून बसतो. अस्तराला जुनी सूज आहे का, हे बायोप्सीच्या तुकड्यावर सीडी१३८ चा स्टेन (सूजेच्या पेशी दाखवणारा रंग) लावून दिसतं, आणि निघाली तर अँटिबायोटिकचा कोर्स असतो.

मूळ प्रश्नकर्ती:
"आपोआप वाढतात" हे ह्यांना दोनदा वाचून दाखवलं. टीबीची तपासणी फाईलमध्ये कुठेच नाही, हिस्टेरोस्कोपीही नाही. सोमवारी दोन्ही विचारते. सीडी१३८ साठी बायोप्सी पाळीच्या कितव्या दिवशी घेतात?