विषय : सोलापुरातील वडिलोपार्जित घरावर मजला चढवण्याची परवानगी

सन्माननीय सभासदहो, सप्रेम नमस्कार.

सिद्धेश्वर पेठेतील आमच्या आजोबांच्या घरावर दोन खोल्या चढवाव्यात, असा विचार आहे. जागा दीडशे चौरस मीटरच्या आत असल्यामुळे महापालिकेची परवानगी लागतच नाही, असे ठेकेदारांचे म्हणणे आहे. ते खरे आहे का आणि येथे परदेशात राहून काय काय करता येईल, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

---

उत्तर : सोलापुरातील वडिलोपार्जित घरावर मजला चढवण्याची परवानगी

स. न. वि. वि.

आपल्या ठेकेदारांचे म्हणणे अर्धेच खरे आहे. डिसेंबर २०२० मध्ये राज्यात लागू झालेल्या बांधकामविषयक एकत्रिकृत नियमावलीने एवढ्या लहान भूखंडांवरील कमी जोखमीच्या बांधकामांना सवलत दिली आहे हे खरे. परंतु नकाशा व मालकीची कागदपत्रे दाखल करून शुल्क भरणे त्यातही सुटलेले नाही. शिवाय आपली पेठ भुईकोट किल्ल्याला लागून आहे. किल्ला केंद्र संरक्षित स्मारक असल्यामुळे त्याच्या संरक्षित हद्दीपासून १०० मीटरच्या आत नवे बांधकाम, मग तो वरचा मजला का असेना, करता येत नाही आणि त्यापुढील २०० मीटरच्या पट्ट्यात राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाची शिफारस घ्यावी लागते. म्हणून आधी अंतर मोजून घ्यावे. बाकी सारे त्यानंतर.

दुसरी अडचण कागदांची. घरपट्टीची पावती आपल्या नावावर असली तरी तो मालकीचा पुरावा नव्हे. नगर भूमापन कार्यालयातून मालमत्ता पत्रकाची ताजी नक्कल काढावी. त्यावर अजून आजोबांचेच नाव असेल, तर आधी वारस नोंद आणि मग सर्व सहहिस्सेदारांची लेखी संमती, ज्यात सासरी गेलेल्या आत्याही आल्या. यातच सर्वाधिक वेळ जातो, असा माझा अनुभव आहे.

घर माळवदाचे असल्यास स्ट्रक्चरल इंजिनिअरला प्रत्यक्ष दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नये. दगडमातीच्या भिंती कितीही रुंद असल्या, तरी लाकडी तुळयांवर पांढरी माती पसरलेल्या छतावर स्लॅबचा भार टाकता येत नाही; पायापासून स्वतंत्र कॉलम उभे करावे लागतात, आणि मग खर्चाचा अंदाज पार बदलतो. ठेकेदार ही गोष्ट सहसा काम सुरू झाल्यावर सांगतात.

अर्ज ऑनलाइन असून तो परवानाधारक वास्तुविशारद किंवा अभियंत्यामार्फत होतो. सह्यांसाठी तेथील विश्वासू नातेवाइकाला मुखत्यारपत्र द्यावे. ते येथील भारतीय वाणिज्य दूतावासात साक्षांकित करून घ्यावे व महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे. मजकुरात बांधकाम परवानगीचा स्पष्ट उल्लेख करावा, मात्र विक्रीचा अधिकार त्यात घालू नये.

मोजणी आणि मालमत्ता पत्रक हाती येईपर्यंत ठेकेदारांना आगाऊ रक्कम देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपला स्नेहांकित,
एक सोलापूरकर सभासद